मडकं वाजवून घ्यावं तशी जमीन

बाजारात मडकं घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर ठेवून देतो. आत काय आहे ते बघायला फोडत कुणी नाही. जमिनीच्या पोटात काय दडलंय हेही माणसाला असंच कळलं, वाजवून. आज त्याचीच गोष्ट.

आपल्या कर्जत-खालापुरात पायाखाली काळा पाषाण. बोअर मारायची गाडी येते, तेव्हा आधी काळा भुगा वर येतो, मध्येच तांबडा, पुन्हा काळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि भाकरीच्या चळतीसारखा थरावर थर थिजला, त्याचे हे रंग. आपली बोअर दोनशे-तीनशे फुटांवर थांबते. मग हा पाषाण खाली कुठवर जातो?

ते सांगतात भूकंपाच्या लाटा. धक्का बसला की जमिनीतून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली ढकलत जाते, ती वेगवान. दुसरी आडवी हलवत जाते, ती सावकाश, आणि पातळ पदार्थातून तिला जाताच येत नाही. 1897 साली आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या नोंदी तपासून या लाटा वेगळ्या ओळखल्या. पुढे 1906 मध्ये त्यांनी दाखवलं, की पृथ्वीच्या मध्याशी वेगळाच गाभा आहे. त्या गाभ्याच्याही आत आणखी एक गाभा आहे हे 1936 मध्ये मांडलं ते एका बाईने, डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी. भूकंपांच्या नोंदींची कार्डं त्या ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत. आपण डाळी-मसाल्यांचे डबे लावतो ना, तशी!

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. 1962 मध्ये सातारा जिल्ह्यात कोयनेचा शिवाजीसागर भरू लागला आणि जमिनीखाली गुरगुर सुरू झाली. तोवर दख्खनची जमीन भक्कम, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशीच समजूत होती. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी ती समजूत मोडली. लोक साखरझोपेत होते. सुमारे 180 माणसं गेली, हजारोंची घरं पडली. हादरा मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. खडकात ताण आधीपासून होताच. भेगांत शिरलेल्या पाण्याने त्याला वाट करून दिली, असं शास्त्रज्ञ मानतात.

मग प्रश्न आला, या काळ्या पाषाणाखाली आहे तरी काय? भूकंपाची वाट बघत बसण्यापेक्षा शास्त्रज्ञांनी स्वतःच जमीन वाजवली. 1970 च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोकण किनाऱ्यापासून देशावर जाणाऱ्या दोन लांब रेषा आखल्या. एक गुहागरहून निघाली, दुसरी केळशीहून. ठिकठिकाणी सुरुंग उडवले आणि लांबवर मांडलेल्या यंत्रांनी लाटा टिपल्या.

यातून खोली कशी कळते? खालापूरहून शेजारच्या गावाला जायचं तर जुना रस्ताच बरा. पण मुंबईला जायचं असेल, तर वाट थोडी वाकडी करून एक्सप्रेसवे गाठणारी गाडी आधी पोचते. लाटांचंही तसंच. काळ्या पाषाणात लाट सेकंदाला साधारण 5 किलोमीटर जाते, त्याखालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकात 6 आणि आणखी खोल 8. जवळच्या यंत्राशी वरून आलेली लाट आधी पोचते, लांबच्या यंत्राशी खालून वळसा घालून आलेली. ही खालची लाट किती अंतरापासून पुढे निघते ते पाहिलं, की वरचा थर किती जाड आहे हे गणिताने निघतं.

उत्तर आलं ते असं: काळा पाषाण पूर्वेकडे काहीशे मीटर जाड, पश्चिमेकडे दीड किलोमीटरपर्यंत. पुढे 2017 मध्ये कोयनेजवळ गोठणे इथे 3 किलोमीटर खोल भोक पाडून झालं. सव्वा किलोमीटरच्या आसपास पाषाण संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. वाजवून काढलेलं उत्तर खरं ठरलं होतं.

पण एक गोष्ट लाटा सांगत नाहीत: पुढचा भूकंप कधी होणार. तारीख-वार सांगणारा निरोप मोबाइलवर आला, तर तो अफवाच समजा.

आता घरचं दुःख. 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्या खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. तो भूकंप नव्हता, कारण पावसाचं होतं. तरी प्रश्न तोच: उतारावर सुटी माती किती जाड आहे आणि पक्का खडक कुठे लागतो? यासाठी सुरुंगही लागत नाही. लोखंडी प्लेटवर घणाचा घाव घालायचा आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या यंत्रांनी लाटा टिपायच्या. धरण, पूल, बोगदे बांधण्याआधी इंजिनिअर अशी तपासणी करून घेतात.

बांधकामासाठी जमीन वाजवून बघतात, मग वाडीसाठी का नको? पुढच्या ग्रामसभेत कुणी डोंगरउतारावरच्या घरांचा विषय काढला, तर हात वर करा आणि विचारा, "आमची जमीन कुणी वाजवून बघितलीय का?" दहा रुपयांची पणतीसुद्धा आपण वाजवून घेतो, ही तर आपली राहती जागा आहे.