टर्कीचे खाते

'हा आमच्या गावचा नव्हे' असे ज्याच्याविषयी प्रत्येक जण हात झटकून सांगतो, असा एक पक्षी जगात आहे. इंग्रज त्याला टर्की म्हणतात, म्हणजे तुर्कस्तानचा. तुर्क म्हणतात, छे हो, हा तर 'हिंदी'! फ्रेंचांचे बोटही हिंदुस्थानकडेच. डच इतके नेमके की त्यांनी नाव थेट कालिकतवरून ठेवले. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात; आपण पेरू म्हटला की तिखट-मीठ शोधतो. खरा पत्ता उत्तर अमेरिका. इतके वेगवेगळे पत्ते असलेले खाते मी तरी कोणाला उघडू दिले नसते.

1612 साली मुकर्रबखानाने गोव्याहून हा पक्षी आणून जहांगीर बादशहापुढे उभा केला. याच्या डोक्याचा रंग सरड्यासारखा बदलतो, अशी नोंद बादशहाने स्वतः करून ठेवली. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पाळीव होता. मला सांगायचे आहे ते रानटर्कीचे, आणि वसंतात धनुष्यबाण घेऊन त्याची वाट पाहत बसणाऱ्या अमेरिकन माणसाचे.

वसंतात रानटर्कीचा नर पिसारा फुलवून पहाटेपासून ओरडतो. हाक नराने मारायची आणि मादीने त्याच्याकडे जायचे, ही त्यांच्या समाजाची रीत. शिकारी ती उलटी करतो. लाकडी डबीचे झाकण घासून तो मादीचा आवाज काढतो (या डबीचे एक पेटंट 1897 सालचे आहे), आणि मुलाकडच्यांना मुलीच्या दारी यायला लावतो. अनुभवी नर येत नाही. तो लांबूनच ओरडत राहतो: 'तूच ये.' यात सकाळ संपते. काही राज्यांत ही शिकार कॅश काउंटरसारखी दुपारी बंद होते. बहुतेक ठिकाणी नियम असा की वसंतात फक्त छातीवर दाढी असलेला पक्षी मारायचा. काही माद्यांनाही दाढी असते. नियमात दाढी आहे, दाढीवाला नाही, आता बोला!

बंदूकवाला झाडाला टेकून बसतो. धनुष्यवाल्याला ते परवडत नाही, कारण दोरी ओढताना हात हलतो आणि टर्कीची नजर अशी की पापणी लवली तरी पक्षी पसार. म्हणून तो कापडी लपणात बसतो. गंमत पाहा, शेताच्या मधोमध रात्रीत तंबू उगवला तरी टर्कीला त्याचे काही वाटत नाही. मोठी गोष्ट दिसत नाही, बारीक मात्र सुटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या ऑडिटरांचेही तसेच.

हे धनुष्य परत हातात कसे आले, त्यालाही इतिहास आहे. 1911 साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा आदिवासी एकटाच गावात येऊन उभा राहिला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस; बाकीचे गोऱ्यांनी संपवले होते. त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरला धनुष्य करायला आणि चालवायला शिकवले. 1916 साली इशी गेला, 1923 साली पोपचे धनुर्विद्येवरचे पुस्तक आले आणि गोऱ्यांनी धनुष्य उचलले. पुढे 1969 साली कप्प्या लावलेल्या धनुष्याचे पेटंट निघाले. ते पुरते ओढले की ताण हलका होतो, त्यामुळे पक्षी अंगाने वळेपर्यंत लपणात दम धरता येतो.

पण तोवर पक्षी उरायला तर हवा! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खात्यात फार तर 2 लाख शिल्लक होती. काही जण याहून पुष्कळ कमी सांगतात. जंगले तोडली, बाजारासाठी पक्षी मारले. मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1851 मध्येच शून्य. मग 1937 साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका-काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवला. 1972 च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्यात आले. कर कारखानदाराकडूनच घ्यायचा, म्हणजे उगमापाशीच कपात. खर्चाचे 75 टक्के केंद्राने द्यायचे. पण राज्याने परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत, ही अट. ही अट वाचून मी मनोमन उभा राहिलो.

प्रथम पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडले. ते बिचारे श्वापदांच्या न्याहारीला गेले. मग 1951 साली दक्षिण कॅरोलिनात तोफेने जाळे उडवून रानातलेच पक्षी धरले आणि खोक्यात घालून त्यांच्या बदल्या केल्या. बदलीचा कोणाला फायदा झालेला मी प्रथमच ऐकला. मिसूरीने तर टर्की देऊन पाणमांजरे मिळवली. क्लिअरिंग हाऊसच ते! आज शिल्लक 60 लाखांच्या घरात आहे. मात्र दक्षिणेकडे काही राज्यांत ती पुन्हा घटू लागली, तेव्हा तिथे शिकारीची मर्यादा कमी करावी लागली.

हे सगळे आमच्या हिला सांगितले. ती म्हणाली, "अहो, म्हणजे वाचवायचे ते मारण्यासाठीच ना?" मी कॉमर्सचा. जमा किती, नावे किती, एवढे सांगू शकतो; पापपुण्याचा रकाना आमच्या लेजरला नाही. पण पैसे न भरता नुसते हळहळणाऱ्यांपेक्षा, पहाटे लपणात कुडकुडत बसणाऱ्याने बाणागणिक कर भरला आहे, हे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये 1970 च्या दशकात न्यूयॉर्कहून आणलेले 37 पक्षी सोडले. आता तिथे 25 हजारांहून जास्त आहेत. बॉस्टनशेजारच्या ब्रुकलाइन गावात ते भर रस्त्यात पिसारा फुलवून उभे राहतात, मोटारी अडवतात आणि कामावर निघालेल्या माणसांच्या मागे लागतात.