कुर्ल्याची मोटार, पुण्याचं विमान

कुर्ला पश्चिमेला प्रीमियर रोडच्या आसपास आता टॉवर उभे आहेत. इथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, हे घाटकोपर-कुर्ल्याच्या जुन्या रहिवाशांना सांगावं लागत नाही. क्रायस्लरच्या परवान्यावर १९४७ साली इथे मोटारी बनू लागल्या, पुढे फियाट आली. या कारखान्याचं सख्खं भावंड मात्र बंगळूरला आहे, आणि ते विमानांचं.

१९३९ मध्ये या दोन्हींचे संस्थापक, उद्योगपती वालचंद हिराचंद अमेरिकेला गेले ते मोटारींच्या बोलण्यासाठी. परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत. मोटारीचा विषय विमानावर गेला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला. एवढं सर्वश्रुत आहे.

मला नादावलं ते याच कारखान्याने पुढे दुरुस्त केलेल्या विमानांच्या इंजिनाने. प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीचं १९२५ मधलं पहिलं इंजिन ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी. हे नाव संस्थापक फ्रेडरिक रेंट्शलर यांच्या पत्नी फे यांनी सुचवलं. त्यातूनच पुढे ‘ट्विन वास्प’ आलं: सात सिलिंडरांचं एक कडं, त्यामागे सातांचं दुसरं, एकूण ३० लिटर आणि सुमारे १,२०० अश्वशक्ती. बैलगाडीचं चाक डोळ्यांपुढे आणा. तुंब्याच्या जागी क्रँकशाफ्ट, आऱ्यांच्या जागी सिलिंडर. अशा रचनेला मराठीत ‘अरीय’ म्हणतात ते ‘अर’ म्हणजे आरा यावरूनच. काहीजण ‘त्रिज्यीय’ लिहितात. भूमितीच्या वहीत ते चालेल. इंजिनाला अरीयच हवं, कारण आरा भार पेलतो, त्रिज्या नुसती आखलेली असते.

कड्यात सिलिंडर सातच का? कारण एक सोडून एक पेटतो: १, ३, ५, ७ आणि मग २, ४, ६. आकडा विषम असला तरच ही माळ न तुटता फिरते. रात्रभर उभ्या इंजिनात तेल ओघळून तळाच्या सिलिंडरांत साचतं. तसंच चालू केलं तर दट्ट्याला शेवटपर्यंत सरकायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी आधी दोघं-तिघं मिळून पंख्याची पाती हातांनी ढकलत. पातं अडलं की थांबायचं, प्लग काढून तेल काढून टाकायचं.

दुसऱ्या महायुद्धात या इंजिनाची मागणी मूळ कंपनीच्या आवाक्याबाहेर गेली. परवाना मिळाला तो मोटारवाल्यांना: ब्युइक आणि शेव्हरोले. मुंबईकरांना ही नावं नवी नव्हती. दोन्ही जनरल मोटर्सची, आणि जनरल मोटर्स शिवडीत १९२८ पासून गाड्या जुळवत होती. ट्विन वास्प एकूण १,७३,६१८ बनली. त्यातली ७४,००० च्या आसपास एकट्या ब्युइकने शिकागोजवळच्या मेलरोझ पार्कमध्ये बनवली.

आता माझा सिद्धांत. लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान १८,००० हून अधिक संख्येने बनलं. चारने गुणा, ७२,००० होतात. ब्युइकचा आकडा जवळजवळ तोच येतो. हा योगायोग मी मानत नाही. सुटे संच धरले तर गरज याहून मोठी होती, आणि त्यात मूळ कंपनीचा व शेव्हरोलेचाही वाटा होता, हे कबूल. तरी युद्धाच्या अखेरच्या लिबरेटरवर ब्युइकचंच इंजिन असण्याची शक्यता सर्वाधिक, हे मी ठासून सांगतो.

आणि आपल्याकडे आली ती अखेरचीच. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर टाकून दिली, टाकताना मोडूनही ठेवली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्याजोगी केली. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने एकेक करत चाळीसच्या आसपास विमानं बंगळूरला नेली. यावर एक आक्षेप येतो: दुरुस्तीत डाकोटा या वाहतूक विमानाची इंजिनं बसवली असतील, तीही ट्विन वास्पच होती. मला हे पटत नाही. लिबरेटरचं इंजिन धुराड्यातल्या उष्ण वायूंवर फिरणाऱ्या टर्बोकडून हवा घेतं. डाकोटाला टर्बो नाही, त्यामुळे सगळी जोडणीच निराळी.

पुण्यात भारतीय वायुदलाच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ही विमानं १९६८ पर्यंत समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. वालचंद मोटारीसाठी निघाले आणि विमानांचा कारखाना काढून बसले. त्याच कारखान्याने मोटारवाल्यांची विमान-इंजिनं जिवंत केली आणि ती पुण्याच्या आकाशात गुरगुरली. कुर्ल्यातून तेव्हा फियाट बाहेर पडत होत्या.

भारतीय वायुदलाची लिबरेटर आज लंडनच्या हेंडन, कॅनडातल्या ओटावा आणि अमेरिकेतल्या टूसॉन इथल्या संग्रहालयांत आहेत. एक दिल्लीत पालमला आहे. कुणाला इंजिनावरचं झाकण उघडून पाहायची परवानगी मिळाली, तर क्रँककेसवरच्या पट्टीवर कारखान्याचं नाव वाचा आणि मला कळवा.