गोळी राखून ठेवायची का? पार्किन्सनच्या औषधाची गोष्ट

तुमच्या मित्राला नुकतेच पार्किन्सनचे निदान झाले आहे. न्यूरॉलॉजिस्टने लेव्होडोपाची गोळी लिहून दिली आहे, पण पाकीट अजून उघडलेले नाही. कारण सारसबागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितले, "ही गोळी पाचच वर्षे चालते. जितकी उशिरा सुरू कराल तितके चांगले." दुसऱ्या कुणी कवचबीजाचे चूर्ण आणून दिले आणि म्हणाले, "हे नैसर्गिक आहे, याने अपाय नाही."

हे दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिले जातात. ते कितपत खरे, हे समजायला या औषधाचा इतिहास माहीत हवा. मित्राला भेटायला जाण्याआधी तो वाचा.

रस्त्यावर दिसलेला आजार

१८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात सहा रुग्णांचे वर्णन होते. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यात भेटलेले, तर एक फक्त दुरून पाहिलेला. हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता वाढणारी पावलांची घाई हे सगळे त्यांनी नुसते बघून टिपले. पुढे फ्रान्सच्या डॉ. शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही, हेही त्यांनी दाखवले. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' हा शब्द जुनाच आहे.

पण आजाराला नाव मिळाले तरी त्यावर नेमका उपाय मिळायला शंभरहून अधिक वर्षे गेली.

सर्पगंधा आणि ससे

इथे आपल्या मातीतली एक वनस्पती गोष्टीत येते. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील अनुभवातून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते औषध म्हणून सगळीकडे वापरात आले. मात्र ते घेणाऱ्या काही जणांच्या हालचाली मंदावू लागल्या. ते पार्किन्सनच्या रुग्णांसारखे दिसू लागले.

१९५७ मध्ये स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे जागच्या जागी बसून राहिले. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हलू लागले. मेंदूत लेव्होडोपाचे डोपामिन तयार होते आणि हालचालींसाठी डोपामिन लागते, हे त्यातून उलगडत गेले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६० मध्ये व्हिएन्नात पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले गेले. त्यांत डोपामिन फार कमी आढळले. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेली माणसे चालू लागली. तेव्हा मात्रा मोठी लागायची आणि उलट्या व्हायच्या. नंतर जोडीला कार्बिडोपा आले. ते लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ देत नाही, त्यामुळे कमी मात्रेत काम भागते. तुमच्या मित्राच्या पाकिटावर ११० हा आकडा असेल, तर त्याचा अर्थ १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा.

मग 'पाच वर्षे' कुठून आली?

काही वर्षांनी अनेक रुग्णांना गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच ओसरल्याचे जाणवते. काहींच्या अंगाला नको असलेले हेलकावे येतात. हे खरे आहे. पूर्वी याचा दोष गोळीला दिला गेला.

२०१४ मध्ये घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना झाली. घानात गोळी बरीच उशिरा सुरू होत होती. तरीही हे चढउतार दोन्हीकडे आजार सुरू झाल्यापासून साधारण तितक्याच काळाने आले. म्हणजे ते आजाराच्या वयानुसार येतात. डोपामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तसा गोळीचा असर कमी वेळ टिकतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांच्या अभ्यासात काहींना गोळी लगेच दिली, तर काहींना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, पण बिघडलाही नाही.

म्हणून गोळी राखून ठेवल्याने ती पुढे जास्त चालत नाही. मधली चांगली वर्षे मात्र जातात. तरुण रुग्णाला डॉक्टर आधी दुसरे औषध देऊ शकतात. तो निर्णय डॉक्टरांचा. गोळी मनाने अचानक बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

आणि चूर्ण?

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचे बी. १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी त्यात लेव्होडोपा असल्याचे दाखवले. म्हणजे चूर्ण आणि गोळी ही एकाच औषधाची दोन रूपे आहेत. फरक असा की चूर्णात कार्बिडोपा नसते आणि चमच्यात लेव्होडोपा किती आहे हे ठाऊक नसते. गोळीबरोबर ते घेतले की मात्रा नकळत वाढते. वैद्यांकडून घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा आणि गोळीचे वैद्यांना सांगा.

तुम्ही काय कराल?

मित्राला एक वही द्या. गोळीची वेळ, असर कधी जाणवला, कधी ओसरला, एवढेच त्यात लिहायचे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडेल. गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिने तिच्या वाटेत येऊ शकतात. सुरुवातीला मळमळ झाली तर एखादे बिस्कीट चालते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ऋषिकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले आहेत. पहिल्यांदा जाताना संकोच वाटतो, तेव्हा तुम्ही सोबत जा. दहा वर्षांपासून गोळी घेणारा शुभार्थी समोर बसून गप्पा मारताना दिसला, की 'पाचच वर्षे' ही भीती आपोआप कमी होते.