संगणकीय क्ष-किरण हृदयचित्रण

संगणकीय क्ष-किरण हृदयचित्रण ही हृदयाच्या क्ष-किरण प्रतिमांवर संगणकाद्वारे गणिती संस्कार करून हृदयाची कार्यक्षमता तपासण्याची पद्धत आहे. तिचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे अंकीय वजाबाकी वाहिनीचित्रण होय. रुग्णालयांत तो ‘डीएसए’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. प्रत्येक ठोक्याला डाव्या निलयातून किती रक्त बाहेर फेकले जाते आणि निलयाच्या भिंतीचा कोणता भाग नीट आकुंचन पावत नाही, हे या पद्धतीने समजू शकते.

पार्श्वभूमी

साध्या क्ष-किरण छायाचित्रात हृदयाची केवळ बाह्य आकृती दिसते. रक्त आणि हृदयस्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखाच अडथळा करतात, त्यामुळे आतील कप्पे वेगळे ओळखता येत नाहीत. यासाठी रक्तात आयोडीनयुक्त द्रव सोडतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असल्याने ते शरीरातील मऊ ऊतींपेक्षा क्ष-किरण कितीतरी अधिक शोषते आणि रक्ताचा मार्ग ठळक होतो. हा द्रव थेट हृदयात पोहोचवण्यासाठी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, वापरतात.

इतिहास

१९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि क्ष-किरण चित्र घेऊन तिचे स्थान सिद्ध केले. या कार्याबद्दल त्याला १९५६ मध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांचे, म्हणजे परिहृद् रोहिण्यांचे, निवडक चित्रण सुरू केले.

प्रतिमांच्या वजाबाकीची कल्पना संगणकाहून जुनी आहे. डच वैद्यक बर्नार्ड झीडसेस डेस प्लांटेस यांनी १९३०च्या दशकात फिल्मची उलटी प्रत दुसऱ्या फिल्मवर ठेवून हाडांची सावली पुसण्याची युक्ती मांडली होती. १९७०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स मिस्ट्रेटा व त्यांचे सहकारी, तसेच ॲरिझोना विद्यापीठातील संशोधक यांनी हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारी यंत्रणा विकसित केली. १९८०च्या दशकाच्या आरंभी ती रुग्णालयांत पोहोचली.

कार्यतत्त्व

द्रव सोडण्यापूर्वी एक आधारप्रतिमा घेतली जाते. द्रव पोहोचल्यावर घेतलेल्या प्रतिमांतून ती चित्रबिंदूगणिक वजा केली की फासळ्या, मणके व फुफ्फुसे लोप पावतात आणि केवळ आयोडीनची छाया उरते.

ही वजाबाकी थेट तीव्रतेची नसून तिच्या लॉगरिदमची असते. समजा, मऊ ऊतींतून १००० एकक किरण पार होतात आणि हाडामागील भागातून १००. आयोडीनने दोन्हीकडे दहावा भाग अडवला, तर घट अनुक्रमे १०० आणि १० दिसेल. म्हणजे एकच रक्तवाहिनी हाडामागे फिकी भासेल. लॉगरिदम घेतल्यास दोन्ही ठिकाणी फरक समान येतो आणि प्रतिमेची गडदता आयोडीनच्या प्रमाणाची निदर्शक ठरते.

हृदयकार्याचे मापन

निलय पूर्ण भरलेले असतानाचे आणि आकुंचन संपतानाचे आकारमान यांवरून उत्क्षेपण अंश काढतात. भरलेल्या निलयात १२० मिलिलिटर रक्त असेल आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर उरले, तर ७० मिलिलिटर बाहेर पडले. म्हणजे उत्क्षेपण अंश सुमारे ५८ टक्के झाला. निरोगी प्रौढात तो सर्वसाधारणपणे ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो.

आकारमान काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात निलय लंबगोल मानून प्रतिमेतील क्षेत्रफळ व लांबी यांवरून गणित करतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर भिंतीला फुगवटा आला असल्यास हे गृहीत फसते. दुसऱ्या मार्गात निलयाच्या छायेतील एकूण गडदतेची तुलना करतात. रक्तात द्रव एकसारखा मिसळलेला असेल, तर गडदता रक्ताच्या आकारमानाच्या प्रमाणात असते आणि आकाराचे गृहीत धरावे लागत नाही.

या आकड्यावर महत्त्वाचे निर्णय अवलंबून असतात. उदाहरणार्थ, योग्य औषधोपचारानंतरही अंश ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिल्यास काही रुग्णांत घातक अनियमित ठोके रोखणारे यंत्र बसवण्याचा विचार केला जातो. मात्र झडप गळत असल्यास काही रक्त मागे जाते आणि अंश फसवा चांगला दिसतो. काही रुग्णांत अंश प्राकृत असूनही हृदय अपुरे पडते. म्हणून तो एकटा निर्णायक मानत नाहीत.

मर्यादा

वजाबाकी अचूक होण्यासाठी दोन्ही प्रतिमांत शरीर एकाच स्थितीत असावे लागते. हृदय तर सतत हलत असते. श्वास हलला तरी खोट्या कडा उमटतात. यावर उपाय म्हणून रुग्णाला श्वास रोखण्यास सांगतात आणि ईसीजीच्या आधारे ठोक्याच्या त्याच टप्प्यावरील आधारप्रतिमा निवडतात.

शिरेतून द्रव देऊन रोहिणीत नळी घालणे टाळता येईल, अशी आरंभी मोठी आशा होती. परंतु हृदयापर्यंत पोहोचताना द्रव विरळ होतो आणि अनेक कप्प्यांच्या छाया एकमेकींवर पडतात. त्यामुळे परिहृद् रोहिण्यांबाबत ती आशा फळाला आली नाही. याशिवाय किरणोत्सर्ग, आयोडीनयुक्त द्रवाची ॲलर्जी आणि मूत्रपिंडांवरील दुष्परिणाम हे धोकेही आहेत.

सद्यःस्थिती

हृदयकार्याच्या प्राथमिक तपासणीसाठी आज बहुधा स्वनातीत ध्वनिलहरींवर आधारित प्रतिध्वनी हृदयचित्रण, म्हणजे ‘इको’, वापरतात. अधिक अचूक मापनासाठी एमआरआय उपयुक्त ठरते. वजाबाकी तंत्राचा मुख्य वापर आता मेंदू, मूत्रपिंडे व पाय यांसारख्या तुलनेने स्थिर अवयवांच्या रक्तवाहिन्यांसाठी होतो. हृदयरोग कक्षात मात्र संगणकीय संस्कार अन्य रूपांत टिकून आहेत. फुग्यावरील धातूच्या खुणा जुळवून अनेक चौकटींची सरासरी काढली जाते आणि धडधडत्या हृदयातील स्टेंट नीट उघडला आहे की नाही, हे पाहता येते.