ओटाव्यातील राजबाळंतपण

२९ एप्रिल २०११ ची पहाट. माझी रात्रपाळी संपत आली होती. इंग्लंडचे राजपुत्र विल्यम यांचे लग्न लंडनला सकाळी अकरा वाजता, म्हणजे आमच्या टोरोंटोच्या घड्याळाप्रमाणे पहाटे सहाला लागायचे होते. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या टीव्हीसमोर आम्ही नर्सेस गोळा झालो होतो. कोणी फिलिपाइन्सची, कोणी जमैकाची, कोणी पोलंडची, आणि मी ठाण्याची. एका बाईला कळा येत होत्या, तरी मधल्या उसंतीत ती विचारी, "नवरीचा पोशाख दिसला का?" खोटे कशाला बोलू, मीही डोळे लावून बसले होते.

राजेराण्यांचे हे वेड आपल्या लोकांना काही नवे नाही. माझ्या आजीकडे पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी यांचे चित्र असलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. बिस्किटे केव्हाच संपली होती, पण डब्याला ती कोणाला हात लावू देत नसे. तिच्या आधीच्या पिढीतील कितीतरी मंडळींची गावे जंजिऱ्याच्या नबाबाच्या मुलखात होती, आणि राजवाड्यातील लग्नकार्याच्या गोष्टी ती माणसे चवीने सांगत. आणि पुरीमला, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत होळीच्या सणाला, आपण जी कथा ऐकतो ती तरी काय आहे? अहश्वेरोश राजाने एक राणी टाकली, दुसरी केली, आणि साऱ्या यहुद्यांचा जीव त्या लग्नामुळे वाचला.

मी १९८४ साली कॅनडात आले, तेव्हा आमच्या वॉर्डात निवृत्तीला टेकलेल्या एक कॅनेडियन सिस्टर होत्या. रात्री काम थंडावले की त्या एक गोष्ट हमखास सांगत. दुसऱ्या महायुद्धात म्हणे ओटावाच्या सिव्हिक हॉस्पिटलातील एक खोली हॉलंडला देऊन टाकली होती, कारण तेथे हॉलंडची राजकन्या बाळंत होणार होती. पुढे मी वाचू लागले तेव्हा कळले की गोष्ट खरी आहे, पण अगदी तशी नाही.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. तिची एकुलती एक मुलगी आणि गादीची वारस युलियाना ही बेआट्रिक्स व इरेने या दोन चिमुरड्यांना घेऊन ११ जून १९४० रोजी हॅलिफॅक्स बंदरात उतरली. पती राजपुत्र बर्नहार्ड लंडनलाच राहिले. त्या वेळचे कॅनडाचे गव्हर्नर जनरल अर्ल ऑफ ॲथलोन यांची पत्नी ॲलिस ही विल्हेल्मिनाची सख्खी मावसबहीण, तेव्हा पाहुणचारात काही उणे पडले नाही.

१९४२ मध्ये युलियानाला पुन्हा दिवस गेले आणि कायद्याचा पेच उभा राहिला. कॅनडाच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन ठरे. कॅनडाचे स्वतःचे नागरिकत्व तर १९४७ साली आले. मुलगा झाला असता तर थोरल्या बहिणीला मागे सारून गादीचा वारस तोच झाला असता, कारण हॉलंडमध्ये तेव्हा मुलाचा मान आधी असे. परक्या राजाचा प्रजाजन आपल्या गादीवर कसा बसवायचा?

म्हणून २६ डिसेंबर १९४२ रोजी कॅनडा सरकारने जाहीरनामा काढला. राजकन्या जेथे बाळंत होईल ती जागा, बाळंतपणापुरती, कॅनडाच्या हद्दीबाहेरची समजावी, एवढेच त्यात म्हटले होते. जागा हॉलंडची झाली असे कोठेही लिहिलेले नव्हते. बाळाला हॉलंडचे नागरिकत्व आईकडून मिळायचे होते. जाहीरनाम्यात हॉस्पिटलचे नावसुद्धा नव्हते, आणि माझ्या मते हेच मोठे शहाणपण होते. बाळंतपण खाटेपर्यंत पोचायची वाट पाहतेच असे नाही, हे मी एकदा लिफ्टमध्ये अनुभवले आहे.

१९ जानेवारी १९४३ रोजी मुलगी झाली. तिचे नाव मार्गरीट ठेवले. हॉलंडची माणसे प्रतिकाराची खूण म्हणून जे पांढरे फूल छातीवर लावीत, त्याचेच हे नाव. ओटावाच्या पार्लमेंटच्या पीस टॉवरवर हॉलंडचा झेंडा चढला. बारशाच्या वेळी धर्मपित्यांच्या यादीत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट होते आणि हॉलंडच्या व्यापारी जहाजांवरील सारे खलाशीही होते. १९४५ साली युलियानाने ओटावाला ट्यूलिपचे एक लाख कंद पाठविले. दर मे महिन्यात तेथे जो फुलांचा उत्सव भरतो त्याचे मूळ या भेटीत आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण मुलाबाळांना घेऊन तो पाहून आले असतील.

सिस्टरांची गोष्ट येथे संपत असे. मला मात्र हॅलिफॅक्स बंदरापाशी पुन्हा यावे लागते, पण एक वर्ष मागे.

१७ मे १९३९ रोजी सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ क्वेबेकला उतरले. गादीवर असलेला राजा कॅनडात येण्याची ही पहिलीच वेळ. आगगाडीने ते देशभर फिरले, आणि नुसती गाडी जाताना दिसावी म्हणून लोक रुळांच्या कडेला तासन् तास उभे राहिले. त्याच दिवसांत हॅम्बर्गहून निघालेले सेंट लुईस हे जहाज ९३७ उतारूंसह अटलांटिकवर होते. उतारू बहुतेक सारे यहुदी. क्यूबाने थोड्यांना सोडून बाकीच्यांना उतरू दिले नाही, अमेरिकेने दार उघडले नाही. हॅलिफॅक्स दोन दिवसांच्या वाटेवर होते. ७ जूनला इतिहासकार जॉर्ज राँग आणि आणखी काही प्रतिष्ठित नागरिकांनी पंतप्रधान मॅकेंझी किंग यांना तार करून विनंती केली की या लोकांना आसरा द्यावा. पंतप्रधान त्या वेळी राजाराणीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. हा प्रश्न कॅनडाचा नाही असे त्यांना वाटले, आणि इमिग्रेशन खात्याचे प्रमुख फ्रेडरिक ब्लेअर यांनी साफ नकार दिला. १५ जूनला राजाराणीने हॅलिफॅक्सहून गर्दीचा निरोप घेतला. दोन दिवसांनी सेंट लुईस युरोपात, अँटवर्पला परत लागले. त्यातील १८१ जणांना हॉलंडने घेतले. त्यांपैकी ८४ पुढे मारले गेले.

त्याच हॉलंडची राजकन्या पुढच्या जूनमध्ये हॅलिफॅक्सला उतरली.

नर्स म्हणून मला जे सर्वांत लागले ते अजून सांगायचे आहे. हॉलंडमध्ये आपेलडोर्न नावाचे शहर आहे. राजघराण्याचा हेट लो राजवाडा तेथेच. त्याच शहरात आपेलडोर्न्श बॉस हे मनोरुग्णांचे मोठे यहुदी इस्पितळ होते. २१ जानेवारी १९४३ च्या रात्री, मार्गरीटच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी, जर्मनांनी ते रिकामे केले. सुमारे १२०० रुग्णांना मालगाडीत कोंबले. बरोबर कोण येतो असे नर्सेसना विचारले, तेव्हा काही आपणहून पुढे झाल्या, बाकीच्या जर्मनांनी निवडल्या. अशी सुमारे ५० माणसे रुग्णांबरोबर ऑशविट्झला गेली. रुग्ण पोचताच मारले गेले. त्या वेळी ओटाव्यात बाळंतीण तिसऱ्या दिवसाची होती. तिच्या उशाशी माझ्यासारखीच कोणी नर्स बसली असेल, आणि तिने आपले काम चोख केले असेल. तिला बोल लावायचे कारण नाही, आणि तान्ह्या मुलीला तर नाहीच. मी इतकेच म्हणते की एका बाळासाठी कायद्याची हद्द हलवता येते, हे ज्या सरकारला १९४२ मध्ये सुचले, त्याने १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत जेमतेम पाच हजार यहुदी निर्वासित आत घेतले.

हेही सांगितले पाहिजे की १७ एप्रिल १९४५ रोजी आपेलडोर्न मुक्त केले ते कॅनडाच्याच सैन्याने. हॉलंडच्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक कॅनेडियन पोरे पडली. ते ट्यूलिप फुकट आलेले नाहीत.

सेंट लुईसबद्दल कॅनडाच्या पार्लमेंटमध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी माफी मागितली ती ७ नोव्हेंबर २०१८ रोजी. आणि ४ मे २०२० रोजी, युद्धातील मृतांच्या स्मरणदिनी, हॉलंडचे राजे विलेम-अलेक्झांडर ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात बोलले. ते युलियानाचे नातू, बेआट्रिक्सचे चिरंजीव. आपल्या यहुदी देशबांधवांना वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटले, त्यांना शब्दांचाही पुरेसा आधार मिळाला नाही, लंडनहून आपल्या पणजीकडूनही नाही, असे ते म्हणाले. तिचा जर्मनांना विरोध कडवा होता हेही त्यांनी सांगितले, पण हा विचार आपला पिच्छा सोडीत नाही असे बोलून दाखविले.

ते भाषण मी घरी बसून दोनदा पाहिले. कोविडचे दिवस होते. एरवी ज्या चौकात हजारोंनी लोक जमतात, तेथे राजाराणी आणि चार-दोन माणसे सोडली तर कोणीच नव्हते.