हिबर्ट व्याख्यानांची कुळकथा

1930च्या मे महिन्यात रवींद्रनाथ टागोर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात मानवाच्या धर्माविषयी बोलले. ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवण्यासाठी चालवलेली ही संस्था. बंगालच्या कवीला तिथे बोलावता आले ते हिबर्ट निधीच्या व्याख्यानमालेमुळे. या मालेचे मूळ शोधू लागले की आपण थेट जमैकाच्या उसाच्या मळ्यात जाऊन पोचतो.

रॉबर्ट हिबर्ट हा केंब्रिजमध्ये शिकलेला इंग्रज व्यापारी. घराण्याची पेढी जमैकातल्या किंग्स्टनला होती, त्याचा स्वतःचाही तिथे जॉर्जिया नावाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. हिबर्ट पंथाने युनिटेरियन. देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य मान्य नाही, अशी या मंडळींची धारणा. 1813 पर्यंत इंग्लंडच्या कायद्याने त्रैक्य नाकारणाऱ्याला संरक्षण नव्हते. स्वतःच्या श्रद्धेसाठी मोकळीक मागणारा हा माणूस दुसऱ्या माणसांचा मालक होता, हे विसरून त्याच्या दानाची गोष्ट सांगता येणार नाही.

1817 मध्ये त्याने टॉमस कूपर या युनिटेरियन धर्मोपदेशकाला मळ्यावर पाठवले. गुलामांना धर्म आणि नीती शिकवावी, एवढेच काम. कूपर काही वर्षे राहिला आणि हताश होऊन परतला. जी माणसे चाबकाखाली राबतात, ज्यांचा स्वतःच्या वेळेवरही हक्क नाही, त्यांना उपदेश कसला करायचा? 1824 मध्ये त्याने जमैकातल्या गुलामांच्या स्थितीवर पुस्तिका छापली. ती गुलामीविरोधी चळवळीच्या कामी आली. हिबर्टने त्याच वर्षी पुस्तिका छापूनच तिचे खंडन केले. या वादात कूपरची बाजू खरी होती, हे सांगायला मला इतिहासाच्या निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढे 1847 मध्ये म्हाताऱ्या हिबर्टने विश्वस्तपत्र केले. अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे 50,000 डॉलरचे रोखे आणि 8,000 पौंडांचे रेल्वेचे भाग त्याने विश्वस्तांच्या हवाली केले. निधीच्या नावातच त्रैक्याला विरोध असावा, अशी त्याची मूळ इच्छा होती. एडविन फील्ड या वकिलाच्या सल्ल्याने तो आग्रह सुटला. शेवटी हेतू असा ठरला की ख्रिस्ती धर्माच्या साध्या, समजेल अशा रूपाचा प्रसार व्हावा आणि धर्माच्या बाबतीत ज्याला-त्याला आपल्या बुद्धीने, कसल्याही बंधनाशिवाय विचार करता यावा. या सगळ्या कुळकथेत मला फील्डचे काम सर्वांत मोलाचे वाटते. पंथाचे नाव कोरले गेले असते तर निधी पंथापुरताच उरला असता.

सुरुवातीला पैसा प्रामुख्याने धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्यांच्या शिष्यवृत्त्यांवर खर्च होई. मग 1870 नंतरच्या दशकात काही विद्वानांनी विश्वस्तांना लेखी विनंती केली की धर्माच्या प्रश्नांवर मोकळेपणाने बोलणारी जाहीर व्याख्याने सुरू करावीत. त्यांत युनिटेरियन तत्त्वज्ञ जेम्स मार्टिनो होते, तसेच वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन स्टॅन्लीही होते. पहिली व्याख्याने 1878 मध्ये लंडनमध्ये, त्याच ॲबीच्या चॅप्टर हाउसमध्ये झाली. वक्ते माक्स म्युलर, विषय धर्माचा उगम आणि विकास, आणि दाखले भारतीय धर्मांचे. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणाऱ्या या पंडिताला ऐकायला इतके अर्ज आले की प्रत्येक व्याख्यान दोनदा द्यावे लागले. पुढच्या वर्षांत प्राचीन इजिप्तचा धर्म झाला, ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये बौद्ध धर्म मांडला. ही पहिली मालिका 1894 मध्ये संपली.

टागोर जिथे बोलले त्या मँचेस्टर कॉलेजचा जन्म 1786 चा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे ज्यांना बंद होती, त्या पंथांच्या मुलांसाठी मँचेस्टरमध्ये काढलेली ही शाळा. यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, मग लंडन असे स्थलांतर करत ती 1889 मध्ये ऑक्सफर्डला आली. तिथे एस्टलिन कार्पेंटर तुलनात्मक धर्म शिकवत. 1901 मध्ये त्यांच्याकडे शिकायला आले आपले विठ्ठल रामजी शिंदे. शिंदे प्रार्थना समाजाचे; या समाजाचा एकेश्वरवाद आणि युनिटेरियन मत यांची जवळीक जुनीच, त्यामुळे शिंद्यांना युनिटेरियन शिष्यवृत्ती मिळाली होती. दोन वर्षांनी ते परतले आणि 1906 मध्ये मुंबईत त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभे केले. ज्या कॉलेजात बौद्ध धर्म आणि पाली हे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्याही अभ्यासाचे विषय होते, तिथे शिंद्यांसारख्याला मन मोकळे करून शिकता आले असणार.

हिबर्टच्या नावाची व्याख्याने या कॉलेजात पुन्हा ऐकू आली ती 1908 मध्ये. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स तेव्हा बोलले. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. 1926 मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन याच कॉलेजात हिंदू जीवनदृष्टीवर बोलले, पण ती अप्टन नावाची वेगळी व्याख्याने होती. हिबर्ट व्याख्याने त्यांनी 1929 मध्ये दिली.

टागोरांना आधी 1928 चे आमंत्रण होते, पण प्रकृतीमुळे ते जमले नाही. दोन वर्षांनी ते गेले. त्यांनी त्या सभागृहात कोणताच पंथ मांडला नाही. माणसातल्या अनंताविषयी ते बोलले. व्याख्यानांचे पुस्तक 1931 मध्ये आले. त्याच्या परिशिष्टात क्षितिमोहन सेन यांचा बाउलांवरचा लेख आहे. देऊळ, मशीद आणि शास्त्र यांना बाजूला सारून गात फिरणाऱ्या बंगालच्या त्या फकिरांचा विचार अशा रीतीने हिबर्ट व्याख्यानांच्या पुस्तकात छापला गेला. जॉर्जियाच्या मळ्यावर राबलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव मात्र या मालेला नाही. या मालेची वंशावळ मांडायची तर पहिली ओळ त्यांचीच धरावी लागेल.