वेग की रंग? थ्रीडीएफएक्सचा उदय, अस्त आणि ग्राफिक्स कार्डच्या निवडीचा जुना वाद

#थ्रेड

१/ नवे ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला आज हमखास पडणारा प्रश्न: १४४ किंवा २४० हर्ट्झच्या पडद्याला पुरतील इतक्या फ्रेम्स देणारे कार्ड घ्यावे, की चित्र अधिक देखणे करणारे? हा वाद किमान पाव शतक जुना आहे. थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या इतिहासात तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

२/ रॉस स्मिथ, स्कॉट सेलर्स आणि गॅरी टॅरोली यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी स्थापली. तिघेही सिलिकॉन ग्राफिक्सचे माजी कर्मचारी. त्या कंपनीची महागडी यंत्रे चित्रपट आणि संशोधनासाठी वापरली जात. तीच त्रिमितीय चित्रणाची क्षमता घरगुती संगणकात आणणे, हा थ्रीडीएफएक्सचा संकल्प होता. १९९६ मध्ये मेमरी चिपांचे भाव कोसळले आणि तो व्यवहार्य ठरला.

३/ त्याच वर्षी आलेले 'व्हूडू' हे पूर्ण कार्ड नव्हतेच. ते केवळ त्रिमितीय चित्र काढी. नेहमीच्या कामासाठी जुने कार्ड ठेवावेच लागे आणि बाहेरून केबलने दोन्ही जोडावी लागत. तरीही ग्राहकांनी ते स्वीकारले, कारण फरक डोळ्यांना थेट दिसत होता.

४/ हा फरक दाखवला 'क्वेक'ने. जून १९९६ मध्ये आलेल्या या खेळाचे चित्र मूळात प्रोसेसरच काढत असे. जानेवारी १९९७ मध्ये 'जीएलक्वेक' ही आवृत्ती आली आणि व्हूडूवर तोच खेळ गुळगुळीत नि वेगवान झाला. त्याच वर्षी क्वेकच्या एका स्पर्धेत डेनिस फाँग याने जॉन कारमॅक यांची फेरारी गाडी बक्षीस म्हणून जिंकली. वेग आता हौसेपुरता उरला नाही.

५/ १९९८ च्या 'व्हूडू २' मध्ये दोन कार्डे जोडण्याची सोय होती. चित्राच्या एकाआड एक रेषा दोघांत वाटल्या जात. एक कार्ड ८००×६०० पर्यंत पोहोचे. जोडी १०२४×७६८ पर्यंत. अर्थात त्यासाठी खर्चही दुप्पट.

६/ येथे पडद्याचा विचार आवश्यक आहे. तेव्हाचे काचेच्या नळीचे, म्हणजे सीआरटी मॉनिटर कमी रेझोल्यूशनवर १०० हर्ट्झ किंवा अधिक वेगाने चित्र ताजे करू शकत. म्हणून अनेक स्पर्धक मुद्दाम रेझोल्यूशन उतरवत. आजच्या स्पर्धकांची ही सवय तेव्हापासूनची.

७/ १९९८ मध्येच एनव्हिडियाचे 'रिव्हा टीएनटी' आले. एकाच कार्डात दोन्ही कामे, शिवाय ३२-बिट रंग. १६-बिटमध्ये ६५,५३६ छटा. ३२-बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख. धुके आणि आकाश यांतील पट्टे नाहीसे झाले. मात्र मेमरीवरील भार वाढून फ्रेम्स घटत. १९९९ च्या 'व्हूडू ३' मध्ये थ्रीडीएफएक्सने १६-बिटच राखले: आधी वेग, मग रंग.

८/ वेगाची बाजू पोकळ नव्हती. डिसेंबर १९९९ च्या 'क्वेक ३ अरेना'मध्ये काळाची गणना पूर्ण मिलिसेकंदांत होई आणि आकडे पूर्णांकात बदलताना उडीची उंची फ्रेम-दरानुसार बदले. सेकंदाला १२५ फ्रेम्स, म्हणजे प्रत्येकी नेमके ८ मिलिसेकंद, असतील तर उडी उंच जाई. जाणकारांनी १२५ हा आकडा पाठच केला.

९/ मग थ्रीडीएफएक्स बुडाली ती १६-बिटच्या हट्टामुळे? हे प्रचलित उत्तर अपुरे आहे. डिसेंबर १९९८ मध्ये तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. आपली कार्डे आपणच विकायची, हा हेतू. परिणामी आजवर तिच्या चिपा विकत घेणारे उत्पादक तिचे प्रतिस्पर्धी झाले आणि एनव्हिडियाकडे वळले.

१०/ एनव्हिडियाची नवी चिप दर काही महिन्यांनी येत होती. थ्रीडीएफएक्सची उत्पादने लांबत होती. १९९९ च्या अखेरीस 'जीफोर्स २५६' आले. 'व्हूडू ५' उजाडायला २००० साल निम्मे सरले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले.

११/ खरी झळ ग्राहकांना बसली. महागडी कार्डे हातात, पण अधिकृत ड्रायव्हर बंद. पुढे कित्येक वर्षे हौशी प्रोग्रामर स्वतः ड्रायव्हर लिहून ती जिवंत ठेवत राहिले.

१२/ त्यानंतर सपाट एलसीडी पडदे आले आणि बहुतेकांचा वेग ६० हर्ट्झवर अडकला. २००९ मध्ये १२० हर्ट्झचे एलसीडी आले ते त्रिमितीय चष्म्यांसाठी: प्रत्येक डोळ्याला ६०. चष्मे मागे पडले, वेग उरला. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले आणि पडदाच कार्डच्या गतीशी जुळवून घेऊ लागला.

१३/ या इतिहासातून निवडीचे तीन निकष हाती लागतात. कार्ड पडद्यासोबत जोखावे: ६० हर्ट्झवर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ वर जेमतेम ६.९. आज खेळल्या जाणाऱ्या खेळांवर ते पारखावे. जीफोर्स २५६ च्या गाजलेल्या नव्या सुविधेचा लाभ घेणारे खेळ सुरुवातीला मोजकेच होते. आणि ड्रायव्हर किती काळ मिळत राहतील, हेही किमतीइतकेच तोलावे. व्हूडूच्या मालकांना हा तिसरा निकष सर्वांत उशिरा कळला.